पावलं नसलेला नकाशा

भोकरदन
४ ऑगस्ट १९९९

चि. सौ. कौसल्या हिला भुजंगदादाचे आशीर्वाद.

मागच्या दिवाळीला तू सांगत होतीस की तुमच्या आर्किटेक्टसाहेबांच्या ऑफिसात आता कागदाला पेन्सिल कोणी लावत नाही, घरांचे नकाशे कॉम्प्युटरवर निघतात आणि चूक झाली तर खोडरबराशिवाय पुसली जाते. तेव्हा मी तुझी थट्टा केली होती. आता तुझ्याच दारात आलोय, हसायचं तेवढं हसून घे.

वसंताचं नवं नाटक जालन्याच्या हौशी नाट्यस्पर्धेत लागलंय. २० नोव्हेंबरला प्रयोग. वसंताला तू ओळखतेस, आता हायस्कुलात मास्तर झालाय, पण नाटक बसवताना अजून तसाच सगळ्यांवर डाफरतो. त्याच्या नाटकांचे दिवे मी अठरा वर्षं लावतोय. गोडेतेलाच्या डब्यांचे माझे चौदा दिवे आहेत, प्रत्येकाचा स्वभाव मला पाठ आहे. माझी रीत तुला माहीत आहे: शिडी लावायची, दिवा टांगायचा, उतरून बघायचं, पुन्हा चढायचं. एकेका दिव्यापायी दहा फेऱ्या. यंदा नाट्यगृहाने दिवे लावायला फक्त अर्धा दिवस दिलाय. म्हणून सगळे दिवे आधी कागदावर लावून घ्यायचे आहेत. कोणता कुठे टांगायचा, त्याचा झोत कुठे पडेल, केवढा पडेल. तुझं मशीन घराच्या भिंती काढतं, तर उजेड काढेल का?

नाटकात तीनच जागा आहेत. डावीकडे ओटा, मध्ये विहीर, उजवीकडे बांध. परवा बसने जाऊन रंगमंच मोजून आलो. रुंदी चौदा पावलं, खोली दहा पावलं, दिव्यांची दांडी सोळा फूट उंच. वॉचमन म्हणाला, "मिस्त्री, टेप आणून देऊ का? पावलानं कोण मोजून राह्यलं आजकाल?" मी म्हणालो, टेप घरी विसरलो. खरं म्हणजे टेप पिशवीतच होती. मला पावलंच पाहिजे होती.

नकाशातही पावलं लिही. दिवे कमी-जास्त करायच्या डिमरपासून शिडी किती, शिडीपासून विंगेचा पडदा किती, तिथून विहीर किती. हे विसरू नकोस.

जावईबापूंना नमस्कार. तुझी नंदावहिनी आठवण काढते. दुकानात दुरुस्तीला मिक्सर फार आलेत, म्हणून इथेच थांबतो.

भुजंग


पुणे
१६ ऑगस्ट १९९९

ती. भुजंगदादास कौसल्येचा नमस्कार.

हसायला सांगितलंस म्हणून आधी मनसोक्त हसले. पावलांत मोजणारं सॉफ्टवेअर अजून निघालेलं नाही, दादा. तू सरळ दहा पावलं चाल, मग टेपने मोज आणि मला फूट-इंच कळव. आणि तुझे डबे मला अनोळखी आहेत. दिवा भिंतीपासून दहा फुटांवर धर आणि भिंतीवर गोल केवढा पडतो ते सांग. तेवढ्यावरून त्याचा झोत किती फाकतो ते मला काढता येतं.

साहेबांना विचारलं. ऑफिस सुटल्यावर तासभर मशीन वापर म्हणाले, वर त्यांनीच खुर्ची ओढून बघितलं. त्यांनी आजवर बंगले आणि दवाखानेच काढलेत, उजेड त्यांनाही नवा.

तुला समजावं म्हणून सांगते. या सॉफ्टवेअरमध्ये थर असतात. एकावर एक ट्रेसिंग पेपर ठेवावेत तसे. एका थरावर रंगमंच, दुसऱ्यावर दांड्या, तिसऱ्यावर दिवे, चौथ्यावर झोत. हवा तो थर दाखवायचा, नको तो बंद करायचा. बंद केला तरी तो पुसला जात नाही, आत असतोच. तुझ्या पावलांसाठीही मी एक वेगळा थर करीन, त्याचं नावच 'पावलं' ठेवते. कशाला हवीत ते मात्र कळलं नाही. म्हातारा होत चाललास, दुसरं काय.

मला आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला घालायचं म्हणून तू अण्णांशी तीन आठवडे बोलत नव्हतास. मुलीच्या जातीला नकाशे काय करायचेत, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. तू मला सायकलवर बसवून एसटी स्टँडला सोडायचास. तेव्हा हा नकाशा मी कोणाहीपेक्षा चांगला काढणार, काळजी करू नको.

तुझी,
कौसल्या


भोकरदन
२ सप्टेंबर १९९९

चि. कौसल्येस आशीर्वाद.

दहा पावलं म्हणजे साडेबावीस फूट. दोन वेळा मोजलं. गोल साडेचार फुटांचा, हे दोन्ही तुला कार्डावर कळवलंच होतं. त्यावरून तू काढलेली गुंडाळी काल पोस्टमनने आणून दिली आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून ती काउंटरवर पसरली.

कौसे, अठरा वर्षं मी काय करतोय ते मला काल दिसलं. दांडीवरून उतरणारा झोत, जमिनीवर त्याची होणारी लंबुळकी वाटी, दोन वाट्या जिथे एकमेकींवर चढतात ती जागा. सात नंबरचा दिवा विहिरीवर टाकला तर त्याची कड ओट्यावरच्या म्हातारीच्या पायावर जाते, हे दर नाटकात मला शिडीवर तिसऱ्यांदा चढल्यावर कळायचं. तू ते बाजूच्या आकृतीत आधीच दाखवलंस. वसंताला दाखवलं तर तो डाफरायचंच विसरला.

आता तक्रार. कागद फार मोठा आहे. तो मला एका नजरेत मावत नाही. वहीच्या पानाएवढा कर, अक्षरं पाहिजे तेवढी बारीक चालतील. आणि पावलांचा थर वाढव. डिमरच्या टेबलापासून मागच्या दारापर्यंतही पावलं टाक.

दुसरं एक काम आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रवेशाच्या मध्ये वसंताला पूर्ण अंधार हवाय, गच्च. मला नको आहे. ओट्यावरचा दिवा उतरायच्या आधी बांधावरचा चढावा, म्हणजे मध्ये काळोख होत नाही. तू त्याला लिही की तांत्रिक कारणाने अंधार जमत नाही. कॉम्प्युटरवाल्या बाईचं तो ऐकेल, माझं ऐकत नाही.

उजव्या हाताला पट्टी आहे म्हणून अक्षर वाकडं आलंय. दुकानात इस्त्रीचा चटका बसला, विशेष काही नाही.

भुजंग


पुणे
१४ सप्टेंबर १९९९

ती. दादास नमस्कार.

छोटा कागद सोबत आहे. पावलं सगळीकडे टाकली. वसंतदादांना मात्र मी काही लिहिलेलं नाही. अंधार करायला कसलंही तांत्रिक कारण आड येत नाही, सगळे दिवे बंद केले की झालं. खोटं लिहायचं तर मला कारण कळलं पाहिजे.

ते कारण मी दोन दिवस शोधत होते आणि काल पावलांचा थर काढताना मला हसनाबादचे कडूबामामा आठवले. आईचा सख्खा भाऊ. आपण सुट्टीत त्यांच्याकडे जायचो तेव्हा दिवेलागणीला ते जिथे असतील तिथे बसून घ्यायचे. बांधावर असले तर बांधावर. कोणी कंदील घेऊन गेलं की मग उठायचे. आपण त्यांच्या वाटेत मुद्दाम पाट ठेवायचो आणि ते अडखळले की खिदळायचो. त्या पाटाची कल्पना तुझी होती.

दादा, तुलाही तसंच होतं का? टेप पिशवीत असून पावलांनी मोजणारा, मोठा कागद नजरेत मावत नाही म्हणणारा, अंधार नको म्हणणारा माणूस म्हातारा झालेला नसतो. आणि तो चटका इस्त्रीचा नाही, तुझ्या मिठाच्या पाण्याच्या डिमरचा आहे, असं मला वाटतं. मी चुकत असले तर चार शिव्या घालून उत्तर लिही. मला त्या शिव्या फार आवडतील.

कौसल्या


भोकरदन
२५ सप्टेंबर १९९९

चि. कौसल्येस आशीर्वाद.

शिव्या घालता आल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन वर्षं झाली. आधी वाटलं, लोडशेडिंगमुळे होतंय. मग एका संध्याकाळी बाजारातून येताना उभ्या बैलगाडीला धडकलो. औरंगाबादला डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटाच जाऊन आलो. त्यांनी विचारलं, आईकडे कोणाला होतं का? मी मामांचं नाव सांगितलं. औषध नाही म्हणाले. उजेडात मला नीट दिसतं, पण नळीतून बघितल्यासारखं, समोरचं तेवढंच. बारीक अक्षर स्वच्छ वाचतो. मोठी वस्तू तुकड्यातुकड्याने बघावी लागते. आणि अंधार पडला की काहीच नाही.

चटका डिमरचाच. तुला माहीत आहे, चिनीमातीच्या बरण्यांत मिठाचं पाणी असतं आणि शिशाची पट्टी त्यात जेवढी खाली सोडावी तेवढा दिवा उजळतो. तालमीत वसंताने अचानक अंधार केला आणि माझा हात चुकला.

पण ऐक. रंगमंचावर मी जिथे उजेड टाकतो तिथे मला दिसतं, आणि बाकीचं पावलांनी मला ठाऊक असतं. तुझा नकाशा मी पाठ केलाय. डिमरपासून शिडी पाच, शिडीपासून पडदा तीन, तिथून विहिरीचा कठडा चार. घरात दार लावून चालून बघतो. एकदाही चुकलो नाही. यंदाचे दिवे मी लावू शकतो, कौसे, तुझ्या त्या वहीएवढ्या कागदाच्या जोरावर.

हे फक्त तुला सांगतोय. नंदालाही सांगितलेलं नाही, ती रडत बसेल. वसंताला कळलं तर तो मला खुर्चीत बसवून चहा पाजेल आणि दुसरा माणूस आणेल. हे काम गेलं तर मी मिक्सर दुरुस्त करणारा तेवढा उरतो. वर्षातून चार रात्री का होईना, भोकरदनची माणसं मला दिवेवाला म्हणतात, त्यावर बाकीचं वर्ष निघतं. कोणाला सांगणार नाहीस, अशी माझ्या गळ्याची शपथ घे आणि तसं लिहून पाठव.

भुजंग


पुणे
८ ऑक्टोबर १९९९

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र वाचून ऑफिसच्या जिन्यात बसले होते. साहेबांनी विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाले.

तुझ्या गळ्याची शपथ घेते. कोणाला सांगणार नाही.

तू मला शिकवलंस आणि मी तुझ्या डोळ्यांच्या अडचणीच्या वेळेला पुण्यात बसून रेघा ओढतेय, याचं फार वाईट वाटतं. शेवटचा दुरुस्त केलेला कागद सोबत आहे. सात नंबरचा दिवा दीड फूट मागे घेतलाय, म्हणजे त्याची कड म्हातारीच्या पायावर जाणार नाही. पावलं पुन्हा तपासली. एवढी एक विनंती आहे, त्या बरण्या वापरू नकोस. आणि शिडीवर चढताना खाली कोणीतरी उभं असू दे, काहीही निमित्त सांग.

२० तारखेला मी जालन्याला येणार आहे. पहिल्या रांगेत बसेन.

तब्येतीला जप. वहिनींना नमस्कार.

तुझी,
कौसल्या


भोकरदन
२३ नोव्हेंबर १९९९

कौसल्या,

तू आली नाहीस. साहेबांनी रजा दिली नाही असं वसंताकडून कळलं. तुझा निरोप माझ्याकडे न येता वसंताकडे आला, तिथेच मला कळायला पाहिजे होतं. पण मी तुझ्याविषयी तसा विचार करायला तयार नव्हतो. आता झालंय ते क्रमाने लिहितो.

प्रयोगाच्या तीन दिवस आधी वसंता दुकानात आला. बराच वेळ काउंटरवरचा स्क्रूड्रायव्हर फिरवत बसला आणि मग म्हणाला, "भुजंगा, यंदा तू शिडीवर चढू नको. औरंगाबादचा माणूस सांगितलाय, त्याच्याकडं मशीनचे डिमर हायेत. तू फकस्त बाजूला बसून सांग."

"का? मला काय झालं?"

"काय व्हायचंय? वय झालं आपलं."

वसंता माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे आणि यंदाही स्वतः नाटकात नाचला. तरी मी मान डोलावली. वाटलं, दोन माणसं असली तर काम लवकर उरकेल, सांगायचं तर मलाच आहे. नकाशा माझ्या खिशात होता.

जालन्यात त्या माणसाने माझी वाट बघितली नाही. खिशातून एक कागद काढला, शिडीला अडकवला आणि कामाला लागला. मी जवळ जाऊन बघितलं. तोच रंगमंच, तेच चौदा दिवे, माझेच नंबर, सात नंबरचा दीड फूट मागे घेतलेला. फक्त पावलं नव्हती. एकही नाही. डिमरपासून शिडीपर्यंत कोरा कागद.

तूच मला शिकवलंस ना, नको तो थर बंद करता येतो म्हणून.

तो माणूस खूष होता. म्हणाला, "मिस्त्री, नक्शा लई बराबर हाये. असला कागद असल्यावर डोळे मिटून बी दिवे लागतेत." बिचाऱ्याला काय माहीत तो कोणाशी बोलतोय.

मी वसंताला मागच्या दाराशी गाठलं. "हा कागद कुठून आणला?"

"कौसल्येनं पाठवला." मग त्याचा आवाज पडला. "तिनं कळवलं म्हून तर मला समजलं. भुजंगा, तीस वर्सांची दोस्ती आपली. तू मला का न्हाई सांगितलं?"

मी त्याच्याकडे पाठ फिरवली. प्रेक्षकांत जाऊन बसलो. अठरा वर्षांत प्रथमच वसंताचं नाटक समोरून बघितलं. चांगलं झालं. दिवे माझ्या मनात होते तसेच पडले. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रवेशाच्या मध्ये गच्च अंधार झाला, तेव्हा मी खुर्चीचा हात धरून बसलो. शेजारच्या माणसाला वाटलं, मला नाटकाचं दुःख झालंय.

त्या कागदाच्या कोपऱ्यात तुमच्या ऑफिसची चौकट आहे. काढणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याचं नाव, तारीख. तारीख ४ ऑक्टोबर आहे. तुझं शपथेचं पत्र ८ ऑक्टोबरचं. म्हणजे माझ्या गळ्यावर हात ठेवलास तेव्हा तू सगळं करून मोकळी झाली होतीस.

आणि ते पत्र मी पुन्हा काढून बघितलं. मजकूर एका पानाचा, पानं चार. अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी. तेव्हा वाटलं, पोरीने रडत रडत लिहिलं असेल. अगं, मी लिहिलं होतं की मला बारीक दिसतं. मोठ्या अक्षरांवरून मला नजर ओढत न्यावी लागते. म्हणजे तू माझं पत्रही नीट वाचलं नाहीस. आंधळा एवढाच शब्द वाचलास, जो मी लिहिलाच नव्हता.

वसंताचं मला फार वाटलं नाही. त्याला नाटक पाहिजे होतं. तू माझी होतीस.

भुजंग


पुणे
४ डिसेंबर १९९९

ती. दादास नमस्कार.

अक्षर बारीक काढतेय. तेवढं तरी आता नीट करते.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. साहेब रजा देत होते. मीच घेतली नाही. तुझ्या समोर बसून तुझ्याकडे बघण्याची हिंमत नव्हती.

तुझं पत्र २८ सप्टेंबरला मिळालं आणि २९ ला मी वसंतदादांना लिहिलं. शपथ घ्यायच्या आधीच लिहिलं म्हणजे शपथ मोडली असं होत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. किती पोरकट समजूत आहे हे आज लिहिताना कळतंय. मी त्यांना एवढंच कळवलं होतं की दादाजवळ सतत एक माणूस ठेवा, मिठाच्या बरण्या काढून घ्या, आणि मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नका. त्यांनी ऑफिसात फोन केला. म्हणाले, "असं अर्धं अर्धं न्हाई जमत, कौसल्या. रंगमंचावर अठरा माणसं हायेत, त्यातली चार लेकरं हायेत माझ्या शाळेतली. दुसऱ्याला वाचता येईल असा कागद पाठव." मी नाही म्हणू शकले असते. मशीनसमोर बसले, 'पावलं' लिहिलेला थर बंद केला आणि छापून पाकिटात घातला. एवढं सोपं होतं, दादा. ते इतकं सोपं नसतं तर मी कदाचित थांबले असते.

शपथेचं पत्र मी त्यानंतर चार दिवसांनी लिहिलं. तुला धीर मिळावा म्हणून लिहिलं, असं म्हटलं तर तेही अर्धंच खरं आहे. तू माझ्यावर रागवू नयेस म्हणूनही लिहिलं.

पण एक गोष्ट तुला राग आला तरी लिहिणार. पाण्यात वीज सोडलेल्या बरण्या, शेजारी लाकडी शिडी, आणि अंधारात तू. तुझी पावलं एकदाही चुकली नाहीत म्हणतोस, पण घरात दार लावून चालताना मध्ये कोणी खुर्ची सरकवलेली नसते. पुन्हा तशी वेळ आली तर मी वसंतदादांना पुन्हा सांगेन. फक्त तुला आधी सांगून सांगेन. मी चुकले ती तिथे. तुझ्या तोंडावर नाही म्हणायला पाहिजे होतं, तू माझ्यासाठी अण्णांना म्हणाला होतास तसं. मी ते केलं नाही आणि तुझ्या पाठीमागून कागद पाठवला.

इथे डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांची चौकशी केली आहे. येशील का, हे विचारायचा मला हक्क उरलाय की नाही, माहीत नाही. तरी विचारते.

कौसल्या


भोकरदन
२१ डिसेंबर १९९९

चि. कौसल्येस,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. नंतर जे झालं त्यामुळे लिहितोय.

१८ तारखेला जालन्यात बक्षीससमारंभ होता. वसंताने हट्टाने सगळ्यांना नेलं, नंदालाही. नाटकाला तिसरं बक्षीस मिळालं. मग प्रकाशयोजनेचं दुसरं बक्षीस पुकारलं आणि माझं नाव घेतलं. वसंताने अर्जावर माझंच नाव ठेवलं होतं. मला काही म्हणाला नव्हता.

रंगमंच लख्ख उजळलेला होता. स्वच्छ दिसत होता मला, टेबलावरच्या ढाली मोजता आल्या असत्या. पण प्रेक्षकांतले दिवे बंद होते. माझी खुर्ची मधल्या रांगेत, आणि तिथून रंगमंचापर्यंत मला काहीच दिसत नव्हतं. मागची बाजू मी सगळी मोजली होती. प्रेक्षकांतून वर जायची वेळ माझ्यावर येईल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

तीनदा नाव पुकारलं. लोक मागे वळून बघायला लागले. वसंता खाली उतरून माझ्याकडे यायला निघाला, हात पुढे करून, आणि मला समजलं की तो मला धरून नेणार, सगळ्या भोकरदनसमोर. मी बसूनच राहिलो. मान हलवली, नाही म्हणून. तो परत गेला आणि माझ्या वतीने ढाल घेतली. पाठीमागून कोणीतरी बोललं, "बक्षीस मिळालं तर माज आला बघा." मला ते ऐकून बरं वाटलं. माज चालेल.

घरी आल्यावर नंदाने ढाल कपाटात ठेवली आणि विचारलं, "कौसल्याबाईला कवापासून माहीत हाये?" वसंताच्या बायकोकडून तिला सगळं कळलं होतं. मी म्हणालो, सप्टेंबरपासून. पत्रात लिहिलं होतं.

मी ठरवून बसलो होतो की ती रडेल. ती रडली नाही. माझ्या समोर बसली आणि शांतपणे बोलली. तिचे शब्द आहेत तसे लिहितो.

"तुम्हाला कळायच्या आधी मला कळलं. तीन वर्सं झाले. उंबऱ्यात कधी कळशी ठेवली न्हाई म्या. तुमच्या चपला रोज एकाच जागी ठेवून राह्यले. तुम्ही रातच्याला उठायच्या आत मी उठते, बल्ब लावते, अन् मला पाणी प्यायचंय म्हणते. इतक्या रात्री कोणाला तहान लागती का? म्हणलं, बोलून दाखवलं तर ह्यांना लागंल. सांगतील त्यांच्या मनानं, म्हून वाट पाहिली. अन् तुम्ही सांगितलं. पर पुण्याला."

नंतर ती उठून भाकरी करायला गेली. त्या दिवसापासून घरात कामापुरतं बोलते. रात्री बल्ब अजून लावते, पण पाण्याचं निमित्त सांगत नाही.

मी तुझ्यावर रागावलेलो आहे, तो राग जाणार नाही, डॉक्टरचंही मला विचारू नकोस. पण नंदाला काय उत्तर द्यावं ते मला तीन दिवस सुचत नाही. ज्याला विचारावं असं दुसरं कोणी मला नाही, म्हणून तुलाच विचारतोय. काय सांगू तिला ते लिही.

भुजंग